दलालाचा टक्का

या अंकात कवितांच्या आधी व्याजाचं गणित छापतो आहोत. कुणाला रूक्ष वाटलं तर वाटू दे. ज्याच्या मानेवर वीस वर्षांचा हप्ता बसलाय त्याला कविता सुचली तरी ती महिन्याच्या पाच तारखेला बँकेच्या मेसेजनं मधेच तुटते. आणि आमच्यातल्या निम्म्याअर्ध्या पोरांच्या मानेवर तो बसलाय, उरलेल्यांच्या बसणार आहे.

चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, नळ-बाजारातल्या दहा बाय बाराच्या खोलीत लग्न झालेली दोन भावंडं मावत नाहीत. मग एक दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याच्या वाटेला लागतो. साईट ऑफिसात थंड पाणी मिळतं, रंगीत पुस्तक मिळतं, नमुन्याच्या फ्लॅटमधल्या गादीवर बसायला मिळतं. जन्मात कधी कुणी 'सर' म्हटलेलं नसतं, तिथे म्हणतात. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक गडी बसलेला असतो. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाईल, समोर फायलींची चळत. तो म्हणतो, 'लोनचं टेन्शन घेऊ नका, ते माझ्यावर सोडा.'

आजचा अग्रलेख या गड्यावर आहे. खरं तर त्याच्यावर नाही, त्याच्या मागे जो उभा आहे त्याच्यावर आहे. तो गडीही बहुतेक आपल्यासारखाच चाळीतला, कमिशनवर जगणारा. त्याला शिव्या घालून भागत नाही. तो कुठून खातो ते समजून घेतलं पाहिजे.

गोदीत काम करणाऱ्याला हे चटकन कळतं. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा येण्याआधी स्टीव्हडोर माणसं थेट घेत नसे. मधे टोळीवाला असायचा. माणसं तो आणणार, मजुरी त्याच्या हातून जाणार आणि जाताना त्यातला तुकडा त्याच्या खिशात पडणार. हमालाला वाटायचं टोळीवाल्यानं काम दिलं. काम जहाजानं दिलेलं असायचं. टोळीवाला फक्त दारात उभा होता. कर्जाच्या धंद्यातला टोळीवाला म्हणजे हा एजंट. बँकेच्या भाषेत त्याला डीएसए म्हणतात.

त्याचे खिसे दोन. पहिला खिसा बँक किंवा फायनान्स कंपनी भरते. कर्ज सुटलं की कर्जाच्या रकमेवर त्याला टक्का मिळतो. समजा अर्धा टक्का असेल तर २० लाखांच्या फायलीवर १० हजार. म्हणजे त्याची मजुरी आधीच ठरलेली आहे, देणारा ठरलेला आहे. दुसरा खिसा तो तुमच्याकडून भरतो. फाइल चार्ज, लॉगिन फी, साहेबाचा चहा, 'सिबिल जरा वीक आहे, मॅनेज करावं लागेल' असं म्हणून पाच-दहा हजार. याची पावती मागा. मिळत नाही. पावती मिळत नाही तो पैसा बँकेचा नव्हे, एवढं मनात पक्कं धरा.

पण रोख घेतलेले पाच-दहा हजार हा लहान घाव. मोठा घाव दिसत नाही. ज्याचं पोट कर्जाच्या रकमेवर भरतं त्याला तुमचं कर्ज मोठं हवं असतं. १५ लाखांत भागत असेल तर तो म्हणतो, 'एलिजिबिलिटी २० ची आहे, घेऊन टाका, फर्निचर होईल.' आणि ज्या कंपनीचा टक्का जास्त तिच्याकडे फाइल ढकलायचा मोह त्याला होणारच. त्या कंपनीचा व्याजदर किती याच्याशी त्याच्या पोटाचा संबंध नाही. तुमच्या पोटाचा आहे. किती आहे ते आता बघू.

ज्यांच्या बापानं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या पोरांनी चार ओळींच्या हिशोबाला घाबरू नये. कागद-पेन्सिल घ्या.

कर्ज २० लाख, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के. हप्ता येतो सुमारे १७ हजार ३५६ रुपये. २४० हप्ते. एकूण भरणा ४१ लाख ६५ हजार. म्हणजे एक घर तुमचं आणि दुसरं घर तुम्ही बँकेला बांधून दिलं, वर १ लाख ६५ हजार दक्षिणा. पहिल्या हप्त्यातले १४ हजार १६७ रुपये व्याजात जातात, मुद्दलातून सुटतात फक्त ३ हजार १९०. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता १० लाख ४१ हजार भरलेत तरी मुद्दल कमी होतं सुमारे २ लाख ३७ हजारांनी. पाच वर्षांनी माणूस घर विकायला जातो, बँकेचा शिल्लक आकडा ऐकतो आणि म्हणतो, चूक असेल. चूक नसते. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं, सुरुवातीला मुद्दल पूर्ण असतं, म्हणून सुरुवातीची वर्षं व्याजाची. सावकाराची लबाडी इथे लागत नाही, साधं गणित पुरतं.

आता दर फक्त अर्ध्या टक्क्यानं वाढवा. नऊ टक्के. हप्ता १७ हजार ९९५. महिन्याला ६३९ रुपयांचा फरक. दोन वेळच्या भाजीचा वाटतो. २४० महिन्यांत तो होतो १ लाख ५३ हजार. एजंट म्हणतो, 'प्रोसेसिंग फी माफ करून देतो.' पाच-दहा हजारांची फी माफ करून घेताना दर अर्धा टक्का चढा लागला, तर माफी कुणाला मिळाली?

आणि फायनान्स कंपनीकडे बारा टक्क्यांनी फाइल गेली तर? हप्ता २२ हजार २२. एकूण ५२ लाख ८५ हजार. साडेआठच्या तुलनेत ११ लाख २० हजार जास्त. तीच खोली, तीच भिंत, तोच लोकलचा डबा. फक्त फाइल कुठल्या टेबलावर पडली त्याची ही किंमत. एजंटाला त्यातून मिळाले असतील दहा-वीस हजार. दहा-वीस हजारांसाठी तुमच्या आयुष्यातले ११ लाख इकडचे तिकडे होतात. हा आहे दलालाचा खरा टक्का.

आता व्याजाच्या बाहेरचा खर्च. प्रक्रिया शुल्क समजा १० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ११ हजार ८००. वकिलाची तपासणी आणि मालमत्तेचं मूल्यांकन धरा ६ हजार २००. आणि मग येतो विमा. 'कर्जाला इन्शुरन्स कंपल्सरी आहे सर.' एकरकमी हप्ता ६० हजार, आणि 'आता भरू नका, लोनमध्येच टाकतो.' इथे नीट थांबा. कर्जात टाकलेल्या ६० हजारांवरही २० वर्षं साडेआठ टक्के व्याज चालू. महिना ५२१ रुपये, शेवटी १ लाख २५ हजार. विमा वाईट नाही. कमावता माणूस गेला तर बायकापोरांच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून विमा जरूर असावा. पण बँकेनं गळ्यात मारलेला तोच विमा घ्यावा अशी सक्ती ना रिझर्व्ह बँकेनं केली आहे, ना विमा नियामकानं. स्वतः बाजारात जाऊन साधा मुदतीचा विमा घेता येतो, दरवर्षी भरता येतो. त्यावर कमिशन एजंटाला मिळत नाही, एवढाच त्यातला दोष.

बेरीज करा. ११ हजार ८००, ६ हजार २००, ६० हजार. ७८ हजार. २० लाखांच्या कर्जातून हे कापून हातात पडले १९ लाख २२ हजार. हप्ता मात्र २० लाखांचाच. मग खरा दर साडेआठ राहतो का? नाही. तो ९.०५ टक्क्यांच्या आसपास जातो. फलकावरचा दर एक आणि खिशातून जाणारा दर दुसरा. या दुसऱ्या दराला एपीआर म्हणतात, वार्षिक टक्केवारी दर. हे तीन अक्षरं पाठ करा. पोटच्या पोराला पाढे शिकवता तसं शिकवा.

मित्रांनो, कायदा आपल्या बाजूनं क्वचित येतो, पण इथे थोडा आलाय आणि कुणी सांगत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं एक कागद बंधनकारक केला आहे. नाव, की फॅक्ट स्टेटमेंट. त्यात व्याजदर, एपीआर, सगळी शुल्कं, बँकेमार्फत तिसऱ्याला जाणारे विम्याचे आणि वकिलाचे पैसे, आणि हप्त्यांचं वेळापत्रक यायला हवं. कर्जदाराला समजेल अशा भाषेत यायला हवं. म्हणजे मराठीत मागा, लाजू नका. तो कागद मिळाल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात, तोवर त्या अटी बदलता येत नाहीत. आणि त्या कागदावर नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. एजंट म्हणेल, 'ऑफर आजच संपते, सही करा.' त्याला म्हणा, तीन दिवस आमचे आहेत, कागद ठेव आणि जा.

दुसरी फसगत वाहत्या दराची. म्हणजे फ्लोटिंग. मे २०२२ मध्ये रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. अडीच टक्क्यांची चढण, नऊ महिन्यांत. २०२१ च्या सुरुवातीला पावणेसात टक्क्यांनी २० लाख घेतलेला एक माणूस धरा. हप्ता १५ हजार २०७. दोन वर्षं भरला, शिल्लक सुमारे १८ लाख ९९ हजार. आता दर सव्वानऊ. महिन्याचं व्याजच झालं १४ हजार ६३५. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलाला उरतात ५७२ रुपये. १८ वर्षं बाकी होती ती होतात साडेपस्तीस. हप्ता वाढला नाही म्हणून माणूस खूश, आणि तिकडे त्याचं निवृत्तीचं वय कधीच मागे पडलंय. कितीतरी घरांत हे घडलं आणि घरच्यांना पत्ताही लागला नाही, कारण मेसेज इंग्रजीत होता आणि मुदत शेवटच्या ओळीत होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे, आणि मुदत इतकी ताणता येणार नाही की हप्त्यातून व्याजही फिटू नये. विचारलं नसेल तर तुम्ही विचारा. २०२५ मध्ये रेपो खाली आला, डिसेंबरपर्यंत सव्वापाच. तुमचा दर उतरला का? १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली वाहत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापाला बांधलेली आहेत आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. पण हा नियम बँकांना आहे. गृहवित्त कंपन्यांना नाही. त्यांचं माप त्यांच्याच खिशात. चढताना लिफ्ट, उतरताना जिना. आणि २०१९ च्या आधीचं बँकेचं कर्ज असेल तर ते जुन्या मापावरच पडून असेल. अर्ज करा, बदलून घ्या. बदलाची फी विचारा, हिशोब करा, मग सही.

आता विचारा, आपली पोरं बँकेत न जाता फायनान्स कंपनीकडे का जातात? कारण बँक पगाराची स्लिप मागते आणि कंत्राटी कामगाराला, बदली हमालाला, गाडीवाल्याला, घरकाम करणाऱ्या बाईला स्लिप नसते. घामाला लेटरहेड नसतं. कारण काही वस्त्यांची नावं ऐकली की टेबलामागचा माणूस पेन खाली ठेवतो. पत्ता विचारला जातो तेव्हा आडनाव विचारल्यासारखंच वाटतं. तोंडी नकार मिळतो, लेखी काही नाही. या नकारावरच दलाल जगतो. बँकेचं दार जितकं जड तितका त्याचा टक्का मोठा.

हे इथलंच आहे असं नाही. अमेरिकेत कर्जाच्या दलालाला चढ्या दरानं कर्ज खपवलं की कंपनीकडून जादा बक्षीस मिळायचं. २०१२ साली तिथल्या न्याय खात्यानं वेल्स फार्गो या बँकेवर आरोप ठेवला की २००४ ते २००९ या काळात तिच्या दलालांमार्फत कर्ज घेणाऱ्या काळ्या आणि लॅटिनो माणसांकडून तितकीच पत असलेल्या गोऱ्यांपेक्षा जास्त फी घेतली गेली. शिकागोत २००७ साली ३ लाख डॉलरच्या कर्जावर काळ्या माणसाला सरासरी सुमारे ३ हजार डॉलर जास्त पडले, असं खात्यानं मांडलं. बँकेनं गुन्हा कबूल केला नाही, पण साडेसतरा कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तोवर २००८ मध्ये लाखोंची घरं गेली होती. दरावर दलालाचं बक्षीस बांधायला तिथे २०१० च्या कायद्यानं बंदी घातली. म्हणजे चामडी बघून टक्का ठरवता येतो हे सरकारी कागदावर आलं. आपल्याकडे तो हिशोब कुणी मांडलेला नाही. मांडलेला नाही म्हणून तो नाही, असं आम्ही मानत नाही. आमची मागणी आहे की एजंटाला प्रत्येक कर्जामागे किती कमिशन दिलं ते त्या कर्जदाराच्या कागदावर छापलं जावं. आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं.

तोवर काय करायचं?

एजंटाला गाठायच्या आधी स्वतः निदान तीन दारं वाजवा. एक सरकारी बँक, एक सहकारी, एक जिथे पगार जमा होतो ती. तिघांकडून एपीआर घ्या आणि शेजारी शेजारी लिहा. एजंट घेतलाच तर तो कुठल्या बँकेचा, त्याचं ओळखपत्र कुठे, हे बघा. त्याच्या वागण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेवर आहे, म्हणून तक्रार बँकेवरच करा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही. खोटी पगाराची स्लिप तो बनवून देतो म्हणाला तर उठा. उद्या तोच कागद तुमच्या विरुद्ध उभा राहील, तो नाही.

इमारत अर्धवट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासा. अर्धवट घरावर नुसतं व्याज भरत राहिलात तर मुद्दल जागचं हलत नाही, आणि भाडंही चालू. व्याज पैसे सुटल्याच्या दिवसापासून लागलं पाहिजे, मंजुरीच्या नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हे बजावलं आहे. तारीख पडताळा.

बोनस, ओव्हरटाइम, भिशी, काहीही हातात आलं तर पहिल्या वर्षांत मुद्दलावर टाका. वाहत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

आणि हप्ता तुंबला तर लपून बसू नका. ९० दिवस थकलं की खातं बुडीतात जातं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, आणि ताबा घ्यायला कोर्टात दावा लावायची गरज बँकेला उरत नाही. पण त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते, बँकेला तिचं उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. बँकेची तक्रार आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील नाही. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात कुणब्यांनी सावकारांचे खत-रोखे हिसकावून जाळले. त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, वर अंगठा मात्र त्यांचाच होता. त्या आगीच्या धगीनं सरकारला १८७९ चा कायदा करावा लागला आणि खतामागचा खरा हिशोब उकरून बघायचा हक्क कोर्टांना मिळाला. आपल्याला अक्षर येतं. ते ज्यांनी मिळवून दिलं त्यांनी ते फक्त सही करण्यापुरतं दिलेलं नाही.

पुढच्या महिन्यापासून दर रविवारी संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत कवितावाचनाआधी एक तास फायली उघडायच्या. ज्याच्याकडे कर्जाचा कागद आहे त्यानं घेऊन यावं. दहावी झालेलं पोरगं आणि एक कॅल्क्युलेटर एवढ्यावर हिशोब होतो. बायकांनी जरूर यावं, कारण कर्ज दोघांच्या नावावर असतं आणि वसुलीवाला आला की दार त्यांनाच उघडावं लागतं.